वाचकमंडळ : ग्रंथालयातील माणसांची सोबत

सायंकाळची वेळ असते. ग्रामपंचायतीच्या इमारतीलगतची सार्वजनिक वाचनालयाची खोली उघडलेली असते. लांब टेबलावर वृत्तपत्रे पसरलेली असतात आणि त्यांभोवती आठ-दहा पुरुष बसलेले असतात. बाजारभाव, निवडणुकीच्या वार्ता, क्रिकेटचा निकाल एवढे नजरेखालून घालून ते अर्ध्या तासात उठतात. त्यांच्या पाठीमागे पुस्तकांची कपाटे असतात. कादंबऱ्या, चरित्रे, शेतीविषयक पुस्तके क्रमांक लावून नीट ठेवलेली असतात. परंतु देवघेवीची नोंदवही उघडली तर तीत त्याच त्या पाच-सहा नावांची पुनरावृत्ती आढळते. एखादी शिक्षिका, एखादे निवृत्त कर्मचारी, स्पर्धा परीक्षेस बसणारे दोन-तीन तरुण यांपलीकडे नावे नसतात. तिशी ते साठीच्या दरम्यानचा, लिहिता-वाचता येणारा, कमावता पुरुष त्या वहीत क्वचितच सापडतो. हे चित्र अनेक ग्रंथपालांच्या परिचयाचे आहे.

हा पुरुष निरक्षर नाही. शाळेत त्याने कविता पाठ केल्या आहेत, धडे वाचले आहेत. तरीही शाळा सुटली त्या दिवशी त्याचे पुस्तकही सुटले. याची कारणे सांगताना वेळेचा अभाव, दूरचित्रवाणी आणि आता हातातील मोबाईल यांची नावे घेतली जातात. ही कारणे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. कारण हाच मनुष्य देवळाच्या पारावर, चहाच्या टपरीवर किंवा दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर तास-दीड तास सहज बसतो. म्हणजे त्याच्यापाशी थोडा वेळ आहे, आणि तो वेळ त्याला चार माणसांत घालवावयाचा आहे.

ग्रंथालय मात्र त्याला पुस्तक देते ते घरी नेऊन एकट्याने वाचण्यासाठी. घर लहान असते, दिवसाच्या कष्टाने डोळ्यांवर झापड आलेली असते आणि प्रौढ माणूस पुस्तक घेऊन बसला तर ‘मास्तर झालास काय?’ अशी थट्टाही होते. अशा वेळी पुस्तकाची सोबतीशी स्पर्धा लागते आणि त्या स्पर्धेत पुस्तक हरते. ही स्पर्धाच संपविणे, म्हणजे पुस्तक हेच चार माणसांनी एकत्र बसण्याचे निमित्त करणे, हा यावरील उपाय होय. दहा-बारा जणांनी ठरलेल्या दिवशी एकत्र येऊन एक पुस्तक वाचावे व त्यावर बोलावे, यालाच येथे वाचकमंडळ म्हटले आहे. ही कल्पना नवी नाही आणि परकीही नाही.

पोथीची परंपरा

महाराष्ट्रातील खेड्यांत छपाईची पुस्तके येण्यापूर्वीपासून सामुदायिक वाचन चालत आले आहे. चातुर्मासात देवळात पोथी लावली जाई. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारखे ग्रंथ रात्रीच्या वेळी वाचले जात. एक जण ओवी म्हणे, दुसरा तिचा अर्थ सांगे आणि दिवसभर शेतात राबलेली माणसे गुडघ्यांना उपरण्याचा वेढा देऊन ऐकत बसत. त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तरी कथा, प्रसंग आणि त्यांतील धर्माधर्माचा पेच त्यांना ठाऊक असे. ग्रंथाची समाप्ती हा गावाचा समारंभ असे. ज्ञानेश्वरीचे पारायण आजही अनेक गावांत निष्ठेने होते.

या परंपरेत तीन गोष्टी होत्या: ठरलेली वेळ, मोठ्याने वाचणारा एक मनुष्य आणि ऐकून प्रश्न विचारणारी मंडळी. मुद्रित ग्रंथाने ज्ञान सर्वांना खुले केले, हे त्याचे उपकार थोर आहेत. परंतु त्याबरोबर वाचन मूक झाले आणि एकट्याचे झाले. शहरांतून १८२८ मध्ये रत्नागिरीस आणि १८४८ मध्ये पुण्यास ग्रंथालये निघाली, पुढे ती जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. त्यांनी पुस्तके जतन केली आणि लोकांना दिली. पोथीभोवतीची बैठक मात्र पुस्तकांच्या कपाटांपर्यंत पोहोचली नाही.

बारा कारागिरांचे मंडळ

वाचकमंडळ कसे चालते, कोठे अडखळते आणि त्यातून काय उभे राहते, याचे एक बारकाईने नोंदलेले उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडते. बेंजामिन फ्रँकलिन या तरुण मुद्रकाने १७२७ मध्ये आपल्या परिचितांचे एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव ‘जंटो’. पुढे शास्त्रज्ञ व मुत्सद्दी म्हणून कीर्ती पावलेला फ्रँकलिन त्या वेळी छापखान्यात काम करणारा एकवीस वर्षांचा कारागीर होता. त्याचे सोबतीही तसेच होते. कोणी खिडक्यांच्या काचा बसविणारा, कोणी जमीन मोजणारा, कोणी जोडे शिवणारा, कोणी सुतार, कोणी दस्तऐवजांच्या नकला करणारा. सभासदांची संख्या बारापुरती मर्यादित होती. दर शुक्रवारी सायंकाळी ते जमत. प्रत्येकाने चर्चेसाठी एखादा प्रश्न आणावा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचावा, असा नियम होता.

त्यांचा आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चर्चा तापू नये म्हणून ‘माझेच खरे’ अशा थाटाचे बोलणे आणि दुसऱ्याचे म्हणणे तोंडावर खोडून काढणे यांना त्यांनी बंदी घातली. तसे बोलणाऱ्यास लहानसा दंड होई. भांडण झाले की मंडळ मोडते, हे त्या कारागिरांनी आरंभीच ओळखले होते.

चर्चेत पुस्तकांचे दाखले वारंवार लागत. तेव्हा प्रत्येकाने आपली पुस्तके बैठकीच्या खोलीत आणून ठेवावीत, म्हणजे सर्वांना ती वापरता येतील, अशी सूचना निघाली. पुस्तके आली, पण अपेक्षेपेक्षा कमी. त्यांची निगा राखण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, म्हणून गैरसोयी उद्भवल्या आणि सुमारे वर्षभराने जो तो आपली पुस्तके घरी घेऊन गेला. प्रयोग फसला. परंतु या अपयशातूनच पुढचे पाऊल पडले. १७३१ मध्ये फ्रँकलिनने वर्गणीच्या ग्रंथालयाची योजना आखली. आरंभी चाळीस शिलिंग आणि नंतर दरवर्षी दहा शिलिंग देणारे पन्नास सभासद मिळविण्यात आले. तेही बहुतेक तरुण कारागीरच होते. ते ग्रंथालय आजही फिलाडेल्फियात उभे आहे.

या उदाहरणातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. तेथे आधी माणसे एकत्र आली, मग पुस्तकांची गरज निर्माण झाली आणि त्या गरजेतून ग्रंथालय उभे राहिले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा झाला आहे. इमारत, कपाटे व ग्रंथ आले आहेत, पण त्यांची गरज वाटणारी मंडळी एकत्र आलेली नाहीत. आणखी एक गोष्ट. मंडळाची कीर्ती वाढल्यावर काही सभासदांना आपल्या मित्रांना आत घ्यावेसे वाटले. त्या वेळी मूळ मंडळ फुगविण्याऐवजी प्रत्येकाने आपले वेगळे मंडळ काढावे, असे फ्रँकलिनने सुचविले. त्यातून पाच-सहा नवी मंडळे निघाली.

बडोदे संस्थानातील मित्रमंडळे

फिलाडेल्फियातील मंडळामागे सरकार नव्हते. मंडळींची हौस आणि शासनाचा आधार यांची सांगड कशी घालावी, हे पाहावयाचे तर बडोद्याकडे वळावे लागते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर शिक्षणावरील खर्च वाया जातो, हे त्यांनी जाणले. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत एक साखळी उभारली. ज्या गावी ग्रंथालय नसे तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. काही काळाने एक पेटी परत जाई आणि दुसरी येई.

सरकारी व्यवस्था आकार घेण्यापूर्वीच चरोतर भागातील मोतीभाई अमीन या शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ या नावाने गावोगाव वाचनालये काढण्यास आरंभ केला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ‘मित्रमंडळ’ या नावातच त्यांची दृष्टी व्यक्त होते. पुस्तकासाठी माणसे जमावीत आणि जमलेली माणसे मित्र व्हावीत, हा त्यामागील हेतू. संस्थानाने ही चळवळ मोडून आपली नवी योजना लादली नाही. अमीन यांनाच त्या कार्यात सामावून घेतले आणि अनुदानाची अशी रीत घातली की, गावाने जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी. पहिला पैसा गावाचा असल्याने वाचनालय गावाचे राहिले.

अठरा रविवार

पुस्तक सामुदायिक होते तेव्हा त्याचे सामर्थ्य किती वाढते, याचे महाराष्ट्राच्या भूमीवरील सर्वांत तेजस्वी उदाहरण धुळ्याच्या तुरुंगात घडले. १९३२ मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील अनेक सत्याग्रही तेथे बंदिवान होते. विनोबा भावे त्यांतच होते. २१ फेब्रुवारी १९३२ या रविवारी त्यांनी सहबंद्यांसमोर गीतेवर बोलण्यास प्रारंभ केला. दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा रविवारांत अठरा अध्याय पूर्ण झाले. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचने तत्परतेने लिहून घेतली. त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला आणि पुढे अनेक भाषांत गेला.

या घटनेकडे संघटनेच्या दृष्टीने पाहिले तर वाचकमंडळाची सर्व अंगे तेथे दिसतात. ग्रंथ एकच होता, वार ठरलेला होता, एका वेळी झेपेल एवढाच भाग घेतला जात होता, समजावून सांगणारा होता आणि नोंद ठेवणाराही होता. नोंद ठेवणारा नसता तर ती वाणी तुरुंगाच्या भिंतींतच विरली असती. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत. श्याम आश्रमातील मित्रांना रात्री गोळा करून आठवणी सांगतो आणि मित्र ऐकतात. ज्या पुस्तकाने महाराष्ट्रातील घराघरांत अश्रू आणले, त्याची मांडणीच मुळी सोबतीने ऐकणाऱ्यांच्या बैठकीची आहे.

कधी कधी ही सोबत दोघांपुरतीच असते, तरीही तिचे मोल कमी नसते. मुंबईत विद्यार्थी असताना भीमराव आंबेडकर शाळा सुटल्यावर चर्नी रोड येथील बागेत वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाची त्यांच्याशी ओळख झाली. केळुसकरांनी या मुलाला पुस्तके दिली, वाचनाला दिशा दिली आणि तो मॅट्रिक झाल्यावर त्यास स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. त्या भेटीचे फळ पुढील इतिहासाने पाहिले. गावातील शिक्षकाने ग्रंथालयात एकट्या बसलेल्या मुलाची किंवा प्रौढाची विचारपूस करणे हे किती मोठे काम असू शकते, हे यावरून कळून येईल.

महाराष्ट्रातील आजची चौकट

महाराष्ट्रात यासाठी लागणारी चौकट मोठ्या प्रमाणावर तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता मिळून अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान दिले जाते. अशा अनुदानपात्र ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. ग्रामपंचायतींविषयीच्या १९५८ च्या अधिनियमानेही ग्रंथालये व वाचनालये यांना पंचायतीच्या कार्यांत स्थान दिले आहे. ग्रंथालयाबाहेरही लोकांचे प्रयत्न झाले. १९७४ च्या सुमारास मुंबईत दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ मध्ये तिच्यामार्फतच वाचकांपुढे आले. २०१७ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील भिलार गावाने पुस्तकांना आपल्या घरांत, देवळांत आणि शाळेत जागा दिली व ‘पुस्तकांचे गाव’ ही ओळख मिळविली.

एवढी साधने असताना कपाटांतील पुस्तके न हलता राहणे, ही केवळ ग्रंथपालाची चिंता नाही. ज्या ग्रंथालयाला वाचक नाही, त्याच्यासाठी ग्रामसभेत कोणी उठून बोलत नाही. छप्पर गळू लागले तरी तक्रार येत नाही. ते एके दिवशी बंद झाले तर वृत्तपत्रे वाचावयास येणाऱ्यांखेरीज कोणालाही चुकल्याचुकल्यासारखे वाटत नाही. प्रौढ साक्षरतेच्या कामात वावरलेल्यांना आणखी एक अनुभव आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेसारख्या उपक्रमांनी अनेक प्रौढांना अक्षरे दिली, परंतु वाचन सुटले की नवसाक्षराचे अक्षरही हळूहळू सुटते. म्हणून साक्षरतेच्या खर्चाचे खरे रक्षण वाचक टिकविण्यात आहे.

याहून खोल असे एक कारण आहे. संसारातील अडचणी, कर्ज, पिकाचे नुकसान, मुलाशी झालेला दुरावा यांविषयी पुरुष चारचौघांत सहसा बोलत नाही. तसे बोलणे त्याला कमीपणाचे वाटते. परंतु पुस्तकातील माणसाच्या अडचणीविषयी तो मोकळेपणाने बोलतो. ‘त्या बापाने असे करावयास नको होते’ असे म्हणताना तो पुष्कळदा स्वतःविषयीच बोलत असतो, आणि ऐकणाऱ्यांनाही ते उमगते. पारावरच्या गप्पांत ही सोय नाही. पुस्तक मध्ये असल्याने मनातील गोष्ट सांगूनही ती न सांगितल्यासारखी राहते. वाचकमंडळाने कोणाचे कर्ज फिटत नाही, हे खरे. परंतु मनुष्य आपल्या भाराखाली एकटा राहत नाही, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मंडळ कसे चालवावे

आरंभ लहान असावा. आठ ते बारा सभासद पुरेत. त्याहून अधिक झाल्यास फ्रँकलिनच्या रीतीने दुसरे मंडळ काढावे. आठवड्यातील एक वार व वेळ सभासदांच्या कामाप्रमाणे ठरवावी. दुभती जनावरे असलेल्या गावी सायंकाळची धार काढून दूध घालून झाल्यानंतरची वेळ सोयीची. साखर कारखान्याच्या परिसरात पाळ्यांचा विचार करावा लागेल. सुगीच्या दिवसांत बैठका विरळ होतील, हे आधीच गृहीत धरावे. जागा ग्रंथालयाचीच असावी, म्हणजे हात पुढे केला की दुसरे पुस्तक सापडते.

बैठकीत प्रथम अर्धा तास मोठ्याने वाचन व्हावे. वाचणारा एक असावा आणि तो पाळीपाळीने बदलावा, पण कोणावरही सक्ती नसावी. अडखळत वाचणाऱ्या प्रौढाला चारचौघांत पुस्तक हाती घेण्याची लाज वाटते. त्याने महिनाभर नुसते ऐकले तरी तो सभासदच होय. मोठ्याने वाचण्याचा दुसरा लाभ असा की, एका पुस्तकाची एकच प्रत पुरते आणि ग्रंथालयावर खर्चाचा भार पडत नाही. वाचनानंतर प्रत्येकाने दोन-चार वाक्ये बोलावीत. ‘लेखकाला काय म्हणावयाचे आहे?’ असा शाळेतील प्रश्न विचारू नये. ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?’ असा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाला उत्तर चुकण्याची भीती असते, दुसऱ्याला ती नसते.

एका सभासदाने नोंदवही ठेवावी. तारीख, उपस्थिती, वाचलेली पाने आणि कोणाच्या बोलण्यातील एखादे लक्षात राहिलेले वाक्य, एवढी नोंद पुरे. वर्षाअखेर ही वही गावाचा एक दस्तऐवज ठरते.

कोणते पुस्तक प्रथम घ्यावे

पहिल्या पुस्तकाच्या निवडीवर पुष्कळ अवलंबून असते. जाडजूड ग्रंथ किंवा केवळ उपदेशपर पुस्तक घेतल्यास मंडळ तिसऱ्या आठवड्यात ओस पडते. आपल्या मातीतील, छोट्या भागांत वाचता येणारे पुस्तक घ्यावे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘माणदेशी माणसं’ ही व्यक्तिचित्रे एका बैठकीत एक याप्रमाणे वाचता येतात. त्यांचीच ‘बनगरवाडी’ ही कादंबरी धनगरांच्या वाडीवर गेलेल्या तरुण शिक्षकाची कथा सांगते आणि दुष्काळाने वाडी कशी उठते ते दाखविते. शिक्षक व ग्रामस्थ यांनी ती एकत्र वाचावी, अशी आहे. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’त शेतावर यंत्र येते आणि जनावरांशी गोतावळा जडलेल्या गड्याचे जग कोसळते. ज्यांनी बैल विकून ट्रॅक्टर आणला, त्यांच्यापाशी या कादंबरीवर बोलण्यासारखे पुष्कळ असेल. त्यांच्याच ‘झोंबी’त शिक्षणासाठी मुलाने बापाशी केलेला झगडा आहे. मुलाची शाळा सोडविण्याच्या विचारात असलेला पिता तो ऐकेल, तर शंभर भाषणांचे काम होईल. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ शेतकरी कुटुंबाची आजची कोंडी मांडते. ‘बलुतं’सारखे आत्मकथन गावाला स्वतःच्या वागण्याकडे पाहावयास लावते. ते मंडळ काहीसे स्थिरावल्यावर, परस्परांविषयी विश्वास उत्पन्न झाल्यावर घ्यावे, पण टाळू नये.

सांभाळावयाच्या गोष्टी

अशा मंडळांना काही धोके असतात. पहिला धोका गावातील गटातटांचा. मंडळ एका गटाचे आहे असा समज झाला की दुसऱ्या गटाची माणसे येणे बंद होते. म्हणून निमंत्रण देताना सर्व आळ्यांतील, सर्व समाजांतील माणसांकडे स्वतः जावे. बैठकीत सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे. कोण कोठे बसतो यावरूनच मंडळाचे भवितव्य पहिल्या दिवशी ठरते.

दुसरा धोका समारंभाचा. हार, नारळ, पाहुण्यांची भाषणे आणि छायाचित्रे यांत उद्घाटन होते व दुसऱ्या आठवड्यास कोणी येत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन उत्साहाने साजरा व्हावा, पण वर्षातील इतर आठवडे रिकामे राहिले तर त्या एका दिवसाने काय साधणार? तिसरा धोका उद्दिष्टांचा. प्रत्येक गावी अमुक इतकी मंडळे अमुक तारखेपर्यंत स्थापन करावीत, असे परिपत्रक निघाले तर मंडळे कागदावर तत्काळ स्थापन होतील. अधिकाऱ्यांनी त्या मोहापासून दूर राहावे. एखाद्या सायंकाळी दौऱ्यावर असताना बैठकीत जाऊन मागे बसावे आणि ऐकावे, एवढे साहाय्य अधिक मोलाचे होईल.

पंचायतीने दिवाबत्ती, सतरंज्या आणि थोडी पुस्तके यांची तरतूद करावी. पण गावाचा पहिला वाटा लोकांकडून यावा, हे बडोद्याचे सूत्र विसरू नये. अल्प वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालावर हे आणखी एक ओझे पडणार नाही, याची काळजी घ्यावी. किल्ली, झाडलोट व नोंदवही ही कामे सभासदांनी वाटून घेतल्यास तो मंडळाचा विरोधक न होता आधार होईल.

स्त्रियांचा विचार येथे केला पाहिजे. पार असो वा वाचनालय, सायंकाळची जागा पुरुषांनी आजवर आपलीच मानली आहे. बचत गटांच्या निमित्ताने स्त्रिया एकत्र बसू लागल्या आणि आपल्या अडचणी एकमेकींना सांगू लागल्या. पुरुषांसाठी तशी बैठक नाही, म्हणून वरील विवेचनात त्यांचा विशेष विचार केला आहे. परंतु पुरुषांच्या मंडळाने स्त्रियांची व मुलांची ग्रंथालयातील वेळ हिरावून घेऊ नये. सभासदाने बैठकीतील पुस्तक घरी नेऊन पत्नीला व मुलांना वाचून दाखवावे. घरातील स्त्रीने ते वाचून आपले मत पाठविले, तर मंडळाची चर्चा अधिक समृद्ध होईल. पुढे स्त्री-पुरुषांचे एकत्र मंडळ झाले तर ते उत्तमच होय.

यशाची खूण

मंडळाचे यश कशावरून ओळखावे? वाचून झालेल्या पुस्तकांच्या संख्येवरून ते ठरत नाही. वर्षात चारच पुस्तके झाली तरी चालतील. पहिली खूण म्हणजे, गेल्या आठवड्यास न आलेल्या सभासदाच्या घरी कोणी तरी चौकशीस जातो. दुसरी, बैठक संपल्यावर कोणी तरी कपाटापाशी रेंगाळतो आणि त्याच लेखकाचे आणखी काही आहे का, असे ग्रंथपालास विचारतो. तिसरी, महिनाभर नुसता ऐकत बसलेला मनुष्य एके दिवशी पुस्तकासाठी हात पुढे करतो.

त्या दिवशी देवघेवीच्या वहीत एक नवे नाव लिहिले जाते. शासनाने इमारत दिली, अनुदान दिले, कायदा दिला. ते नाव वहीत आणण्याचे काम मात्र गावातील शिक्षक, पंच आणि वाचनाची गोडी असलेल्या दोन-चार माणसांचे आहे. पोथीभोवती रात्र रात्र बसणाऱ्या या महाराष्ट्राला सोबतीने वाचणे अपरिचित नाही. त्यासाठी येत्या आठवड्यातील एक सायंकाळ, एक पुस्तक आणि एक सतरंजी एवढी सामग्री पुरेशी आहे.